सालदाराचे साल आणि भिंतीवरचे कॅलेंडर : वर्षारंभ कसा ओळखावा

विदर्भातील गावांत सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल गुढीपाडव्याला ठरते, बँकेचे वर्ष १ एप्रिलला उघडते, तलाठ्याचे महसुली वर्ष १ ऑगस्टला आणि भिंतीवरचे कॅलेंडर १ जानेवारीला सुरू होते. म्हणून ‘एका सालाचा’ व्यवहार लिहिण्याआधी ते साल कोठून मोजायचे, हे पाहून घ्यावे.

प्रथम जानेवारीचे पान उघडावे. १ जानेवारीला आकाशात विशेष काही घडत नाही. सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या सुमारासच होऊन गेलेला असतो. ही तारीख रोमच्या कारभारातून आली. तेथे पूर्वी महिने मार्चपासून मोजत, म्हणून सप्टेंबर म्हणजे सातवा आणि डिसेंबर म्हणजे दहावा (मुलांना सप्त आणि दश हे शब्द शेजारी लिहून दाखवावेत, लगेच पटते). इ. स. पूर्व १५३ मध्ये स्पेनमधील युद्धासाठी नव्या कॉन्सलांना (दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यांना) लवकर निघता यावे, म्हणून त्यांनी १५ मार्चऐवजी १ जानेवारीला अधिकार घेतला, आणि पुढे इ. स. पूर्व ४५ मध्ये ज्युलियस सीझरच्या सुधारित कॅलेंडरानेही तोच आरंभ ठेवला. इंग्लंडमध्ये मात्र कायद्याचे वर्ष १७५१ पर्यंत २५ मार्चलाच सुरू होत असे.

आता पाडवा शोधावा. ज्या चांद्रमासात सूर्य मेष राशीत जातो तो चैत्र, आणि त्याची शुद्ध प्रतिपदा म्हणजे शकाचा आरंभ. पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत इसवी सनातून ७८ वजा करावेत, १ जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. १९ मार्च २०२६ ला शके १९४८ लागते.

खरी काळजी पुढे आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने पाडवा दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि अधिक महिना आला की पुढे जातो. ३० मार्च २०२५ चे साल ३५४ दिवसांत सुटते. पण १९ मार्च २०२६ चे साल अधिक ज्येष्ठामुळे ७ एप्रिल २०२७ पर्यंत, म्हणजे ३८४ दिवस चालते. बोली बारा महिन्यांची आणि राबणे तेरा महिन्यांचे झाले, तर तो सालदारावर सरळ अन्याय आहे. म्हणून चिठ्ठीत नुसते ‘पाडवा ते पाडवा’ लिहू नये. आरंभाची व शेवटची तारीख, दिवसांची संख्या, अधिक महिन्याची मजुरी आणि दिलेली उचल हे सारे लिहून सालदाराला वाचून दाखवावे, आणि त्याची एक प्रत त्याच्या हाती द्यावी.