हो म्हणण्याआधी कॅलेंडर उघडा

कॉलेजच्या पहिल्या वर्षी सगळेच क्लब खुणावतात आणि सत्राच्या शेवटी सबमिशन, परीक्षा नि कार्यक्रम एकाच आठवड्यात येऊन आदळतात.

१. परीक्षा-सबमिशनच्या तारखा कळल्या की लगेच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. प्रत्येक तारखेच्या आधीचे ७ दिवस लाल करा.
२. क्लबमध्ये किंवा स्वयंसेवेसाठी नाव देण्याआधी विचारा, "सगळ्यात जास्त काम कोणत्या आठवड्यात असतं?" 'आठवड्याला किती तास?' याचं उत्तर बहुधा मोघम मिळतं, जास्त कामाच्या आठवड्याचं मात्र नेमकं मिळतं. तो आठवडा लाल असेल तर छोटी जबाबदारी मागून घ्या.
३. पहिल्या सत्रात एक क्लब, एक सेवाकार्य. बस्स.

जिथे लहान मुलं किंवा वृद्ध तुमची वाट पाहत असतात, तिथे मात्र सुट्टी आधीच कळवा. ऐन वेळी दांडी नको.