मावशीचा पदर आणि कॅबरेचा माइक: ड्रॅगचे सोंग कसे उभारावे

कॅबरे म्हटले की आपल्याकडे जुन्या हिंदी चित्रपटांतला क्लबमधला नाच आठवतो. या लेखापुरता तो बाजूला ठेवावा. येथे कॅबरे म्हणजे टेबले मांडलेली लहानशी जागा, चार हातांवर बसलेले प्रेक्षक आणि त्यांच्याशी तासभर गात, बोलत, थट्टा करत राहणारा एकटा कलाकार. ड्रॅग कॅबरेत हा कलाकार स्वतः घडवलेले एक सोंग, बहुधा एखाद्या बाईचे, घेऊन येतो. हा पेशा पत्करू पाहणाऱ्याने रंगभूषेच्या पेटीपासून सुरुवात करू नये. चेहरा दोन तासांत रंगवता येतो. ती बाई बोलते कशी, चिडते कशावर आणि लपवते काय, हे कळायला मात्र पुष्कळ प्रयोग खर्ची पडतात.

स्त्रीवेषाचा विषय निघाला की मराठी माणूस बालगंधर्वांकडे वळतो, आणि ते स्वाभाविकही आहे. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आलेल्या नारायण श्रीपाद राजहंसांच्या नायिका पाहून घरंदाज स्त्रिया आपली लुगडी नेसण्याची आणि गजरे माळण्याची तऱ्हा बदलत असत. पण कॅबरेसाठी हा आदर्श वाट चुकवतो, असे माझे मत आहे. स्त्रीपार्टी नटाचे यश प्रेक्षकांना नटाचा विसर पाडण्यात होते, तर कॅबरेत प्रेक्षकांना नट आणि सोंग दोन्ही एकाच वेळी दिसावे लागतात आणि त्या दोहोंच्या फटीतूनच हशा येतो. तेव्हा आपली पूर्वज शोधायची ती तमाशाच्या गौळणीतली मावशी. डोक्यावर पदर घेऊन, पुरुषी आवाज लपवण्याची फिकीर न करता ती गवळणींना मथुरेच्या बाजाराला घेऊन निघते आणि वाट अडवणाऱ्या कृष्णाला व पेंद्याला जागच्या जागी उत्तर देते. चांगल्या फडाची गौळण चार-पाच वेळा पाहावी आणि मावशी सहकलाकाराकडे केव्हा पाहते, प्रेक्षकांकडे केव्हा, एवढेच टिपून घ्यावे. लंडनचे डॅनी ला रू हेही याच जातीचे कलाकार होते: टिकल्यांचा झगा आणि पिसांचा साज घालून ते दिमाखात प्रवेश करत आणि पहिलेच वाक्य जाड्याभरड्या पुरुषी आवाजात टाकत.

आता सोंगाकडे वळू. एका वहीत त्या बाईची कुंडली लिहावी: वय, गाव, शिक्षण, नोकरी, नवरा असल्यास तो काय करतो, ती कोणाचा मत्सर करते आणि कोणती गोष्ट ती स्वतःशीसुद्धा कबूल करत नाही. ‘ग्लॅमरस, बिनधास्त, राणीसारखी’ अशा विशेषणांनी पान भरत असेल, तर ते फाडून टाकावे, कारण विशेषणांवर विनोद उभा राहत नाही. याउलट निवृत्तीला दोन वर्षे उरलेली, बदलापूरहून रोज लोकलने मुंबईला येणारी आणि तरुणपणी आपण गायिका झालो असतो अशी पक्की खात्री असलेली हेडक्लार्क घेतली, की तिचा डबा, तिची खिडकीची जागा आणि तिची बढती मिळालेली शत्रू असा तासाभराचा ऐवज आपोआप हाती येतो.

ऑस्ट्रेलियाच्या बॅरी हम्फ्रीज यांनी १९५५ साली मेलबर्नमध्ये प्रथम रंगमंचावर आणलेली एडना एव्हरेज ही मूनी पाँड्स या उपनगरातली अगदी सामान्य गृहिणी होती, आणि त्या पहिल्या प्रवेशात ती पुढच्या वर्षीच्या ऑलिंपिकसाठी येणाऱ्या पाहुण्यांना आपल्या घरात उतरवून घेण्याची तयारी दाखवत होती. जांभळट केस, पंखांसारखा चष्मा आणि प्रेक्षकांत ग्लॅडिओलसची फुले फेकण्याचा थाट पुढच्या काही दशकांत आला. एडना स्वतःच्या प्रसिद्धीने बिघडत गेली आणि तोच तिच्या विनोदाचा विषय झाला. आरंभी सोंग साधे ठेवण्याचा फायदा असा, की त्याला पुढे वाढायला जागा राहते.

नाव पुकारायला सोपे असावे आणि शक्य तर आपल्याच घरातून यावे. ब्रिटिश कलाकार पॉल ओ’ग्रेडी यांनी लिली सॅव्हेज या आपल्या सोंगाचे आडनाव आईच्या माहेरचे घेतले आणि तिची बोली त्यांनी इंग्लंडमधल्या बर्कनहेड या आपल्या गावी लहानपणापासून ऐकलेल्या बायकांची ठेवली. बंगळुरूचे अॅलेक्स मॅथ्यू २०१४पासून माया हे साडीतले सोंग करतात, त्यातही केरळी घरातली बाईच डोकावते. आवाजाच्या बाबतीत उगाच उंच स्वर लावू नये. तासभर तो टिकत नाही आणि घसा बसला की पुढचा प्रयोग जातो. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी यांपैकी जी बोली तुमच्या कानात मुरलेली आहे तीच घ्यावी, कारण उसनी बोली पहिल्याच अनपेक्षित प्रश्नाला गळून पडते.

संहितेची सुरुवात वीस मिनिटांच्या ऐवजाने करावी: प्रवेशाचे गाणे, बतावणी, प्रेक्षकांशी बोलणे आणि शेवटचे गाणे. ओठ हलवून केलेल्या ध्वनिमुद्रित गाण्यावर क्लबमधली रात्र निभावते, पण कॅबरेत निदान एक गाणे स्वतःच्या गळ्यातून यावे, आवाज साधारण असला तरी चालेल. बेसूर होण्याचे कारण सोंगाकडे असले म्हणजे झाले. मध्येच ओरडणाऱ्या प्रेक्षकासाठी आठ-दहा उत्तरे पाठ असावीत. थट्टेचा पहिला बळी सोंगाने स्वतःला करावे, दुसरा पुढच्या टेबलावरच्या मोठ्या आवाजाच्या माणसाला. पेले भरणारा वेटर आणि कोपऱ्यात एकटी बसलेली व्यक्ती यांना मात्र हात लावू नये, कारण त्यांना उलट उत्तर देण्याची सोय नसते.

रंगभूषेबद्दल थोडक्यात. भुवया गोंदाच्या कांडीने चापून बसवाव्यात, त्यावर पावडर द्यावी आणि नव्या भुवया वर काढाव्यात. दाढीची निळसर छटा नारिंगी रंगाने मारल्याशिवाय वरचा रंग बसत नाही. मुंबईच्या दमट हवेत टोपाचा गोंद घामाने सुटतो, म्हणून टोप पिनांनीही अडकवावा. नऊवारीचा कासोटा नाचायला मोकळा, आणि नितंबांवरचा फोम त्यात सहज लपतो.

पहिले प्रयोग ओपन माइकच्या जागी, मित्रांच्या मैफलीत किंवा प्राइडच्या, म्हणजे एलजीबीटी समाजाच्या अभिमान-सोहळ्याच्या, निमित्ताने होणाऱ्या कार्यक्रमांत मिळतात; दिल्ली-मुंबईत ललित हॉटेलच्या किटी सू या क्लबनेही ड्रॅगला मंच दिला आहे. परंतु एकेक सुटा प्रयोग करत फिरण्यापेक्षा एखादी लहानशी जागा दर आठवड्याला मिळवणे अधिक मोलाचे. लिली सॅव्हेज लंडनच्या रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्नमध्ये आठ वर्षे होती. तीच माणसे पुन्हा येत असली, की जुना विनोद चालत नाही आणि नवा लिहावाच लागतो.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी लोकप्रियतेच्या शिखरावर असताना भरजरी वेष आणि नेपथ्याच्या खर्चापायी कर्जात बुडाली, हे प्रत्येक ड्रॅग कलाकाराने नवा झगा शिवायला टाकण्यापूर्वी आठवावे. मानधन, आगाऊ रक्कम, कपडे बदलण्याची बंद खोली आणि मध्यरात्रीनंतर घरी सोडणारी गाडी हे सर्व आधी लेखी ठरवून घ्यावे. गाडीचा मुद्दा ऐश म्हणून मांडू नये, तो सुरक्षिततेचा आहे. आयोजकाने कापलेला टीडीएस विवरणपत्रात दाखवून परत मागता येतो, आणि सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांवर गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे तिकीट लावण्यापूर्वी त्याची चौकशी करावी.

सोंग आणि माणूस यांच्यातली भिंत पहिल्या दिवसापासून बांधावी. चित्रपटांत नाच्याच्या भूमिका गाजवणारे कोल्हापूरचे गणपत पाटील हे संसारी गृहस्थ होते, तरी लोकांनी भूमिकाच खरी मानली आणि त्याची झळ त्यांच्या घरापर्यंत पोहोचली. ड्रॅग करणारा माणूस समलिंगी, ट्रान्सजेंडर किंवा यांपैकी काहीही नसलेला असू शकतो; ते सांगायचे की नाही, हे त्याने स्वतः ठरवावे आणि मुलाखतीच्या आधीच ठरवावे. सोंगासाठी वेगळा फोन नंबर आणि वेगळे खाते ठेवावे. हम्फ्रीज एडनाविषयी नेहमी तिसऱ्या व्यक्तीविषयी बोलावे तसे बोलत आणि स्वतःला तिचे व्यवस्थापक म्हणवत. ही युक्ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण एखादा प्रयोग पडला तर तो त्या बाईचा पडतो आणि माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत नवा विनोद लिहू शकतो.

सोंग थांबवायचे झाले, तर तेही कथेतच थांबवावे. ओ’ग्रेडी यांनी लिलीला मारले नाही. ती फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या एका कॉन्व्हेंटमध्ये जाऊन राहिल्याचे सांगितले आणि ते स्वतःच्या चेहऱ्याने दूरचित्रवाणीवर आले. त्यामुळे पँटोमाइमसाठी, म्हणजे नाताळात होणाऱ्या ब्रिटिश विनोदी संगीत नाटकासाठी, तिला बोलवायचे मनात आले, तेव्हा दार उघडे होते.