हंबरडा, टाहो, आकांत, बोंब: कोणता शब्द कुठे वापरायचा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा तरणा मुलगा गेला. ग्रुपवर निरोप टाकायचं काम माझ्याकडे आलं, मी घाईत टाइप केलं की "बातमी ऐकताच काकूंनी आकांततांडव केलं" आणि पाठवायच्या आधी शेजारच्या आजींना वाचून दाखवलं. आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "आकांततांडव? पोरगा गेला न वं तिचा, ते काय हट्ट करून रायली होती काय?"

बरोबर होतं त्यांचं. आकांततांडव म्हणजे थयथयाट, मनासारखं झालं नाही म्हणून घर डोक्यावर घेणं. मी शब्द "मोठ्यानं रडणं" एवढ्याच अर्थानं उचलला होता. पण मराठीत मोठ्यानं रडायचा प्रत्येक शब्द आवाजाबरोबर अजून एक गोष्ट सांगतो, ती म्हणजे लिहिणारा त्या रडणाऱ्याच्या बाजूला उभा आहे की लांबून बघतोय. म्हणून लिहिताना आधी हे पाहायचं की कोण रडतंय, त्या रडण्यात शब्द आहेत की नुसता आवाज आहे, आणि ते कोणाला ऐकू जावं म्हणून आहे का. एवढं कळलं की शब्द आपोआप सापडतो.

हंबरडा घ्या. हा गाईचा शब्द, हंबरणे वरून आलेला. काटोलकडे मामाच्या गावाला एकदा गाईचं वासरू मेलं होतं, ती गाय रात्रभर दावणीला मान लांब करून हंबरत होती, मधेच थांबायची, कान टवकारून ऐकायची आणि मग पोटातून परत तोच आवाज, मामी उठून तिच्या पाठीवर हात फिरवून यायची तरी थांबेना. ते ऐकलेल्या माणसाला हंबरडा समजावून सांगावा लागत नाही. त्यात शब्द नसतात, विचार नसतो, पोटातून आवाज फुटतो आणि शक्यतो जिवाभावाचं माणूस गेल्यावरच फुटतो. पेपर हरवला, मॅच हरली म्हणून कोणी हंबरडा फोडत नाही, तिथे हा शब्द टाकू नका, उगाच स्वस्त होतो. आणि हंबरडा "फोडतात", करत नाहीत, मारत नाहीत. "तिनं एकच हंबरडा फोडला" असं लिहितात त्यातला एकच हा मोजणीचा नाही बरं, तो जोर दाखवतो, जसं "एकच गोंधळ उडाला".

टाहो पण फोडतातच पण तो वेगळा, त्यात कोणालातरी हाक असते. आईसाठी लेकराचा टाहो, पावसासाठी चातकाचा, विठ्ठलासाठी भक्ताचा, पाण्यासाठी गावाचा. समोरच्यानं ऐकावं, धावून यावं ही आस त्यात असते. म्हणून गेलेल्या माणसासाठी हंबरडा आणि येऊ शकणाऱ्यासाठी टाहो, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. अगदी काटेकोर नियम नाही हा पण दहात नऊ वेळा बरोबर निघतो.

आकांत बहुतेक वेळा एकट्याचा नसतो, घराचा असतो, गावाचा असतो. "घरात एकच आकांत झाला" म्हणजे चारी बाजूंनी रडारड. पण "जिवाच्या आकांतानं पळाला" म्हटलं की त्यात रडणं अजिबात नाही, जीव एकवटून पळाला एवढंच. आणि तांडव जोडलं की काय होतं ते वर सांगितलंच.

विलापात मात्र शब्द लागतात, भरपूर लागतात. गेलेल्याचे गुण आठवत, त्याला नावानं बोलवत, "मला टाकून कसा गेलास" विचारत रडणं म्हणजे विलाप. रामटेक आपल्या नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर, तिथल्या डोंगराशी आपण कालिदासाचं नाव जोडतो, त्याच कालिदासाचे रतिविलाप आणि अजविलाप प्रसिद्ध आहेत, एकीचा नवरा जळून गेलाय, दुसऱ्याची बायको गेलीय आणि दोघंही बोलत बोलत रडतात. शब्द थोडा पुस्तकी आहे, मयतीच्या घरी बसून कोणी "विलाप चालू आहे" म्हणत नाही. घरात बायका एकमेकींच्या गळ्यात पडून असंच गुण गात रडतात त्याला गहिवर घालणं म्हणतात, फार सुंदर शब्द आहे, वापरत जा.

आक्रोशाचं आपल्या नागपुरात जरा बिघडलंय. हिंदीत आक्रोश म्हणजे राग, आणि आपण दिवसभर दोन्ही भाषा बोलतो, त्यामुळे "लोकांमधे खूप आक्रोश आहे" असं मराठीत सर्रास लिहिलं जातं. तिथे संताप हवा. मराठीत आक्रोश म्हणजे दुःखानं मोठ्यानं ओरडून रडणं, आणि तो करतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला "जनआक्रोश" नावाचे मोर्चे निघतात तिथे शब्द शोभतो कारण त्यात दुःख आणि राग दोन्ही असतात, पण नुसत्या चिडलेल्या लोकांसाठी नको.

बोंब सगळ्यात जपून. आज "पाण्याची बोंब", "पगाराची बोंब" असंच ऐकू येतं, "काहून बोंबलून रायला बे" हे तर रोजचंच. पण बोंबेचं मूळ नातं मरणाशी पण आहे. घाटावर मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरतात, मडकं फोडतात आणि पालथा हात तोंडावर मारून बोंब मारतात, ही चाल बऱ्याच घरांत आहे. म्हणून तर जिवंत माणसाच्या नावानं बोंब मारणं इतकं झोंबतं. होळीला मारतात ती सोडा, ती वर्षातून एकदा चालते. पण दुःखात असलेल्या माणसाबद्दल "बोंब मारली" किंवा "गळा काढला" लिहिलं की तो खोटं रडतोय असाच वास येतो. भोकाड पसरतं ते लहान पोरगं, मोठ्या माणसानं पसरलं म्हणजे तुम्ही त्याला हिणवताय.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तिच्यात लोक "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडतात, त्याला बाहेरचे लोक कधीकधी आक्रोश लिहितात. पण ती आरोळी आहे, त्यात शोक नाही, पीडा हाकलायचा जोर आहे.

रात्री कुत्रं तोंड वर करून लांब सूर काढतं त्याला आपल्याकडे सरळ "कुत्रं रडतंय" म्हणतात, तेवढंच लिहा. कोल्ह्याची कोल्हेकुई. हंबरडा कुत्र्याला देऊ नका, तो गाईचा आणि माणसाचा.

आणि स्पेलिंगचं एक, "धाय मोकलून" लिहायचं, मोकळून नाही. मोकलणे म्हणजे सोडून देणे. ढसाढसा, ओक्साबोक्शी हे पण मोठ्यानंच पण त्यात अश्रूही भरपूर. हुंदका तर आवरलेला असतो, तो फोडत नाहीत, तो फुटतो.

त्या दिवशी मी आकांततांडव खोडून "हंबरडा फोडला" केलं आणि परत आजींना दाखवलं. शब्द बरोबर आहे म्हणाल्या, पण मग विचारलं, "ते उद्या हे वाचंन तेव्हा?" श्रद्धांजलीच्या निरोपात घरच्यांचं रडणं लिहायचं नसतं हे मला तेव्हा कळलं. बातमीत चालतं, कथेत चालतं, आठवण लिहिताना घरच्यांनी स्वतः लिहिलं तर चालतं. मी ते वाक्यच काढलं. मुलाचं नाव ठेवलं, सकाळी नऊला घरून निघणार, मोक्षधाम घाट, एवढं लिहून पाठवलं.