सिगारेट सोडणाऱ्याला साथ देताना (आणि साथ मागताना) या चुका टाळा

सिगारेट सोडायला निघालेल्या माणसाच्या आजूबाजूला दोन तऱ्हेची माणसं असतात. एक, ज्यांना काहीच पडलेलं नसतं. दुसरी, ज्यांना फारच पडलेलं असतं. त्रास बहुतेक वेळा दुसऱ्यांकडूनच होतो.

गोव्यात साथ द्यायला माणसांची वाण नाही. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २८.६ टक्के होतं, गोव्यात ९.७ टक्के. सगळ्या राज्यांत सर्वांत कमी. म्हणजे इथे दहातले नऊ जण तंबाखूला शिवत नाहीत. पण ज्याने कधी ओढली नाही त्याला तल्लफ ठाऊक नसते, आणि ज्याला ती येते तो तोंडाने काही सांगत नाही. घोटाळा इथूनच सुरू होतो.

घोषणा सगळ्यांना, काम कोणालाच नाही

‘आजपासून बंद’ असं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं की धडाधड अंगठे येतात, एखादा काका हनुमानाचं चित्र टाकतो, आणि साथ तिथेच संपते. संध्याकाळी सात वाजता घशाशी येतं तेव्हा फोन कोणाला करायचा, हे ठरलेलंच नसतं.

याच्या उलट चूक म्हणजे कोणालाच न सांगणं. ‘जमलं तर सांगू, नाही जमलं तर निदान हसं तरी होणार नाही.’ ही पळवाट आहे, आणि ओढणाऱ्याला ती चांगली ठाऊक असते.

मधला रस्ता असा: तीनच माणसं निवडा आणि प्रत्येकाला वेगळं काम द्या. एक घरातला. एक, जो त्याच जागी असतो जिथे तुम्ही ओढता. ऑफिसातला, दुकानावरचा किंवा बसमधला सोबती. आणि तिसरा, ज्याला कधीही फोन केला तर चालतो. काम नेमकं सांगा. ‘मला सपोर्ट कर’ म्हटलं तर समोरचा भाषण देतो. ‘मी फोन केला की सिगारेटचा विषय काढू नकोस, कालच्या मॅचबद्दल बोल’ म्हटलं तर तो तेवढंच करतो. तल्लफ जोर धरते ती साधारण पाच-दहा मिनिटं. तेवढा वेळ गप्पांत गेला की लाट ओसरते. परत येते, पण तेव्हा परत फोन.

सोडलेल्यांपैकी कोणी ओळखीचा असेल तर त्याला या तिघांत जरूर घ्या. मात्र ‘मी तर एका दिवसात फेकली, परत बघितली नाही’ असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. त्याचं खरं असेलही, पण तुमच्या चौथ्या दिवशी ते ऐकून काही उपयोग नसतो.

घरातला पोलीस

ही चूक सगळ्यांत जास्त होते, आणि प्रेमापोटी होते. माणूस दारात येतो न येतो तोच ‘इकडे ये बघू, शर्टाचा वास दाखव.’ स्कूटरची डिकी उघडून पाहिली जाते. मुलाला शिकवून ठेवलेलं असतं: ‘बाबांनी ओढली तर मला येऊन सांग.’ बिचारं पोर चुगली करतं, बाप पोरावर डाफरतो, आणि मग रात्रीचं जेवण कोण कुणाशी बोलत नाही अशा अवस्थेत होतं.

पहाऱ्याने सिगारेट कमी होत नाही, लपवणं वाढतं. बडीशेप, पेपरमिंट, डिकीतला दुसरा शर्ट, कोपऱ्यावरून हात धुऊन घरी येणं. लपवायची सवय लागली की मग चुकून ओढलेली एक सिगारेटसुद्धा तो सांगत नाही, आणि न सांगितलेली एक लवकरच पाकीट होते.

मुलांना यातून बाहेर ठेवा. प्रश्नही बदला. ‘ओढलीस का?’ याला उत्तर दोनच, आणि एक खोटं असू शकतं. ‘आजचा दिवस कसा गेला? सगळ्यात कठीण कधी झालं?’ असं विचारलं तर माणूस बोलतो. ‘जेवल्यावर’ म्हणाला तर उद्या जेवण झाल्याबरोबर दोघांनी देवळापर्यंत पाय मोकळे करायला निघायचं. यापेक्षा जास्त काही करावं लागत नाही.

नवरा-बायको दोघंही ओढत असतील, किंवा दोघे भाऊ, तर एकत्र सोडा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथल्या बारा हजारांहून जास्त लोकांची १९७१ ते २००३ पर्यंतची माहिती तपासली गेली, तेव्हा जोडीदाराने सोडली की दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी. माणसं एकेकटी सोडत नाहीत, घोळक्याने सोडतात, असं त्या अभ्यासाचं म्हणणं. घरात एक जण बाल्कनीत ओढतोय आणि दुसऱ्याला ‘तू सोड हं’ म्हणतोय, हा प्रकार मात्र ताबडतोब बंद करावा.

गाडा, तालीम आणि बार

सिगारेट जागेला चिकटलेली असते. चहाचा गाडा, फेरीबोटीच्या धक्क्यावरची वाट बघण्याची वेळ, फुटबॉलच्या मैदानाची कड. आणि आमच्या भागात नाटकाची तालीम. जत्रेचं नाटक बसत असतं, रात्री साडेदहाला पहिला अंक संपतो, दिग्दर्शक ‘दहा मिनिटं’ म्हणतो आणि अर्धी मंडळी मंडपाच्या मागे, माडाखाली. सोडलेला माणूस एकटाच खुर्चीवर बसून संवाद पाठ केल्याचं नाटक करतो. कान मात्र माडाखालच्या हसण्याकडे.

इथे चूक दोन्ही टोकांना होते. काही जण तालीमच सोडतात, मित्रच तोडतात. मग सिगारेटबरोबर आयुष्यातली मजाही गेली असं वाटायला लागतं, आणि दोन आठवड्यांत माणूस दोन्हीकडे परत जातो. काही जण पहिल्याच दिवशी माडाखाली उभे राहून ‘मी नुसता उभा राहतो’ म्हणतात. धूर, हसणं, हातातला मोकळेपणा. तिथे नुसतं कोणी उभं राहत नाही.

मी पाहिलेल्या एका नाटकमंडळीत हे छान सुटलं. प्रॉम्प्टरने सोडली होती. मंडळीतल्या सगळ्यांत जास्त ओढणाऱ्याने स्वतःच ठरवलं की मध्यंतराचा चहा आता सभामंडपातच यायचा. देवळाच्या आवारात कोणी ओढत नाही, त्यामुळे ज्याला ओढायची त्याला चहा सोडून बाहेर जावं लागे. निम्मे जण आळसाने आतच बसू लागले. कोणाला उपदेश केला नाही, फक्त किटली हलवली.

ओढणाऱ्या मित्राने स्वतः सोडायलाच हवी असं नाही. त्याने तीन गोष्टी कराव्यात: समोर पाकीट काढू नये, ‘एक कश मार, काय होतंय’ म्हणू नये, आणि मागितली तरी देऊ नये. तिसरी सर्वांत अवघड. आधी बोलून ठेवलेलं असेल तर ‘तूच सांगितलंयस, नाही देणार’ म्हणता येतं.

बारबद्दल मात्र माझं मत कडक आहे. पहिला महिनाभर दारू आणि ती मंडळी दोन्ही नको. दोन पेग पोटात गेले की सगळे निश्चय सैल पडतात. फेणी कुठे पळून जात नाही.

श्रावणात सोडली, चवथीला धरली

श्रावण पाळणारे पुष्कळ जण मासळी, मटण, दारू यांच्याबरोबर सिगारेटही बंद ठेवतात. घरचेही खूश. पण मनात कराराची तारीख असते. चवथ म्हणजे गणेशचतुर्थी येते, मुंबईचे भाऊबंद गावी उतरतात, रात्री आरत्या आटोपल्यावर पत्त्यांचा डाव मांडला जातो, आणि कोणीतरी पाकीट पुढे करतं: ‘श्रावण संपला ना रे?’

वाईट वाटतं ते याचं की कठीण भाग तोपर्यंत पार पडलेला असतो. निकोटिन तुटल्याचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत उतरतो. म्हणजे चवथीच्या पाटावर बसलेला माणूस शरीराने जवळजवळ सुटलेला असतो, फक्त त्याला ते कोणी सांगितलेलं नसतं. घरच्यांनी नेमकं हे काम करावं. श्रावणाच्या तिसऱ्या आठवड्यात शांतपणे विचारावं, ‘आता पुढे काय?’ आणि पत्ते खेळणाऱ्या भावांपैकी एकाला आधीच फोन करून ठेवावा.

‘सोडल्यापासूनच बिघडलंय’

सोडल्यावर काही दिवस चिडचिड होते, झोप मोडते, भूक वाढते, पोट साफ होत नाही. काहींचा खोकला उलट वाढतो, कारण श्वासनलिकेतले बारीक केस परत कामाला लागून साचलेला कफ वर ढकलतात. घरची मोठी माणसं हे बघून म्हणतात, ‘ओढत होतास तेव्हा बरा होतास, एखादी ओढ.’ ही साथ नव्हे. खोकला काही आठवड्यांत थांबला नाही किंवा थुंकीत रक्त दिसलं तर मात्र वाट न बघता डॉक्टरकडे.

छातीत धडधड आणि हातांना कापरं येण्यामागे कधीकधी साधी कॉफी असते. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन भराभर निकामी करतं. धूर थांबला की तेवढ्याच कॉफीचा किंवा चहाचा परिणाम जास्त वेळ टिकतो. माणसाला वाटतं सिगारेट हवीय म्हणून असं होतंय. कप अर्धे करून बघा. काही औषधांचंही असंच आहे: दम्यावरचं थिओफिलिन, मानसिक आजारावरचं क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू असेल तर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागू शकतो. सोडल्यावर मन फारच खचलं, जगण्यात अर्थ वाटेना, तर ते ‘तल्लफ’ म्हणून झटकू नका. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६.

वजन थोडं वाढतं. त्यावर टोमणे मारू नका, एवढंच.

च्युइंगम चघळून फेकला, ‘काही होत नाही’ म्हणाला

फार्मसीत मिळणारं निकोटिनचं च्युइंगम बहुतेक जण साध्या च्युइंगमसारखं चघळतात. मग उचकी लागते, घसा जळतो, मळमळतं, आणि पाकीट कपाटात पडून राहतं. पद्धत वेगळी आहे. चार-सहा वेळा हळू चावायचं, तिखट चव किंवा मुंग्या जाणवल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचं. चव गेली की परत थोडं चावायचं, जागा बदलायची. असं अर्धा तास. निकोटिन गालातून शोषलं जातं, गिळलेलं पोटात वाया जातं. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक नको, कारण आंबट तोंडात ते नीट शोषलं जात नाही.

दुसरी चूक कमी घेण्याची. दिवसात दोन गम घेऊन भागत नाही. सुरुवातीचे आठवडे दर एक-दोन तासांनी घ्यावं लागतं, मग कमी करत जायचं. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर २ ऐवजी ४ मिलिग्रॅमची गरज पडते, ते डॉक्टरांना विचारून. गरोदर बाई किंवा हृदयविकार असलेला माणूस यांनीही विचारूनच. बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लीन या तल्लफ कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या. आणि ‘एका व्यसनाऐवजी दुसरं कशाला’ असं म्हणणाऱ्या काकांना सांगा की गममध्ये धूर, टार, कार्बन मोनॉक्साइड काहीही नसतं.

सुपारी, गुटखा, मशेरी यांना मात्र बदली खेळाडू म्हणून उतरवू नका. परदेशातून आलेला भाचा व्हेप देईल. भारतात २०१९ पासून ई-सिगारेट विकणं, आणणं, वाटणं बंद आहे, आणि त्यातही निकोटिन असतंच.

एक ओढली, मग?

बहुतेकांना एकाहून जास्त वेळा सोडावी लागते. एक ओढली गेली की घरातून दोन वाक्यं येतात: ‘मला ठाऊकच होतं’ आणि ‘जाऊ दे, तुझ्याने होणार नाही.’ दोन्ही गिळा. ‘कुठे होतास? बरोबर कोण होतं? त्याआधी काय झालं होतं?’ एवढंच विचारा. बॉसशी भांडण झालं होतं, तर पुढच्या भांडणानंतर फोन कोणाला, ते ठरवा. उरलेलं पाकीट त्याच वेळी मोडून पाण्यात टाका. सोमवारपासून परत, असं नको. सोमवार लांब असतो.

स्वतःहून जमत नसेल आणि घरच्यांची साथही पुरत नसेल तर सरकारच्या तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा मोफत क्रमांक १८००-११२-३५६. शोधत बसायला नको, पाकिटावरच छापलेला असतो.

तिसऱ्या आठवड्यात सगळे विसरतात

पहिल्या आठवड्यात रोज चौकशी. तिसऱ्या आठवड्यात कोणाच्या लक्षातही नसतं, कारण माणूस आता बरा दिसतो. तल्लफ मात्र अचानक येते, तीही सणासुदीला आणि मयताच्या घरी. साथ देणाऱ्याने कॅलेंडरवर पुढच्या तारखा आत्ताच लिहून ठेवाव्यात: गावची जत्रा, नाटकाचा प्रयोग, शिगमो (गोव्यातला होळीचा सण), घरातलं लग्न. त्या दिवशी सकाळी एक फोन पुरे. सिगारेटचं नाव न काढता.

जहाजावर नोकरीला असलेला कोणी घरात असेल तर त्यालाही आजच मेसेज टाका, सुट्टीवर येताना दरवेळचं कार्टन नको म्हणून. चॉकलेटं सगळ्यांना चालतात.