वहिनी, डिस्क लई स्लो चाललीया

लग्नसराईत माझ्या टेबलावर एका वेळी आठ-दहा हार्ड डिस्क पडलेल्या असतात. मी मिरजेत लग्नाचे अल्बम डिझाइन करते. फोटोग्राफर डिस्क आणून ठेवतात आणि चपला घालता घालता सांगतात, "वहिनी, लई स्लो चाललीया, जरा बघा." बघून बघून एक कळलंय, की स्लो म्हणून आलेल्या डिस्कमधल्या कितीतरी चांगल्या धडधाकट असतात. अडलेलं असतं दुसरीकडेच.

आधी एक पथ्य. डिस्क जोडली की लगेच स्पीड टेस्ट लावायची नाही. टेस्ट म्हणजे डिस्कवर अनेक जीबी लिहायचं आणि परत वाचायचं. आजारी डिस्कला हे म्हणजे तापात पळायला लावणं. म्हणून आधी तब्येत बघायची. विंडोजवर मी त्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम वापरते, फुकट आहे. वर निळा चौकोन असेल तर ठीक, पिवळा किंवा लाल असेल तर बाकी सगळं सोडून पहिल्यांदा डेटा दुसरीकडे कॉपी करायचा.

चौकोन निळा असला तरी मी खालच्या यादीत दोन ओळी बघतेच. ०५ म्हणजे किती खराब सेक्टर (डेटा साठवायचे बारीक कप्पे) बाद करून डिस्कने त्यांच्याऐवजी राखीव सेक्टर वापरले. सी५ म्हणजे किती सेक्टर आत्ता नीट वाचता येत नाहीत आणि त्यांचा निकाल लागायचाय. मला ०५ पेक्षा सी५ ची जास्त धास्ती, कारण त्या सेक्टरमध्ये कुणाच्या तरी सप्तपदीचे फोटो असू शकतात. आकडे तिथे दहाऐवजी सोळाच्या पायावर (हेक्साडेसिमल) दिसतात, म्हणजे शेवटी १० लिहिलं असेल तर ते सोळा. डिस्क कॉम्प्युटरच्या आत बसवलेली असेल तर सी७ पण बघा. तो वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष साटा केबलचा, म्हणजे आत डिस्क जोडणाऱ्या केबलचा असतो. केबल बदलली तरी जुना आकडा खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. काही बाहेरच्या केसिंगमधली डिस्क या यादीत दिसतच नाही. घाबरू नका, ते केसिंग माहिती पुढे जाऊ देत नाही, इतकंच.

तब्येत चांगली निघाली की मग वेग. इथे सगळा घोळ बिट आणि बाइटचा. खोक्यावरचा आकडा बिटमध्ये, कॉपी करताना दिसणारा बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. यूएसबी २ चे सेकंदाला ४८० मेगाबिट म्हणजे कागदावर ६० एमबी, हातात पडतात ३५ ते ४०. यूएसबी ३ चे ५ गिगाबिट म्हणजे ६२५ एमबी व्हायला हवेत, पण तिथे आठ बिट पाठवायला दहा बिटांची जागा लागते, म्हणून कमाल ५००. खिशात मावणारी फिरती हार्ड डिस्क मुळात १०० ते १४० च देते, तेव्हा तिला यूएसबी ३ चा रस्ता ऐसपैस. यूएसबी २ मध्ये मात्र ती कोंडते.

त्यामुळे टेस्टमध्ये ३५-४० चा आकडा दिसला की मी डिस्ककडे बघतच नाही, केबलकडे बघते. तासगावच्या एका भाऊंची दोन टीबीची डिस्क अशीच ३८ वर अडली होती. नवी घ्यायच्या बेतात होते. केबल उपसून पाहिली तर मोबाइल चार्जरची! या डिस्कच्या तोंडाला दोन खण असतात, एक मोठा, एक छोटा. मूळची रुंद पिन दोन्हीत बसते. मोबाइलची जुनी छोटी पिन नुसत्या मोठ्या खणात बसते, डिस्क चालूही होते, पण यूएसबी २ च्या चालीने. रुंद केबल लावल्यावर १२२. तीनशे जीबीच्या लग्नाला सव्वादोन तास लागत होते, ते पाऊण तासात आलं. केबल बरोबर असेल तर पोर्ट तपासा. कॅबिनेटच्या पुढचं काळं पोर्ट बऱ्याचदा यूएसबी २ असतं, मागचं निळं लावून बघा. आणि मधला हब काढून टाका.

मोजायला क्रिस्टलडिस्कमार्क. बाकी सगळं बंद करायचं, १ जीबी, पाच फेऱ्या. वरच्या ओळी सलग वाचण्या-लिहिण्याच्या, म्हणजे मोठा व्हिडिओ कॉपी करताना मिळेल तो वेग. खालच्या ४के च्या, म्हणजे विखुरलेल्या छोट्या तुकड्यांच्या ओळीत ०.५ असं काहीतरी दिसतं आणि लोकांचे डोळे पांढरे होतात. हार्ड डिस्कला ते साहजिक आहे. आतली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात हेड सरकायचा वेळ. सेकंदाला साठ-सत्तर तुकडे मिळाले तरी खूप, आणि तुकडा चार केबीचा. टेस्टची फाइल एकाच कोपऱ्यात असते म्हणून आकडा जरा बरा दिसतो. साध्या साटा एसएसडीला, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेल्या चिपच्या डिस्कला, तिथे पंचवीस-तीस येतात. म्हणूनच फोटो डिस्कवर राहू दे, पण लाइटरूम या फोटोच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग आणि प्रीव्ह्यू एसएसडीवरच ठेवा, असं मी सगळ्यांना सांगते.

विंडोजच्या कॉपीच्या खिडकीतल्या पहिल्या दहा सेकंदांवर विश्वास नको. तिथे ४०० दिसतात ते रॅमचे. स्वस्त एसएसडीही सुरुवातीला पळतात आणि आतला वेगवान कप्पा भरला की बसतात. एकच वीस जीबीची फाइल कॉपी करा आणि घड्याळ लावा. आणखी एक, भरत आलेली हार्ड डिस्क हळू होतेच. तबकडीच्या कडेला एका फेऱ्यात जास्त डेटा मावतो, आत कमी, त्यामुळे शेवटाकडे वेग जवळजवळ निम्मा.

पाचशे रुपयांत दोन टीबीचा पेनड्राइव्ह मिळाला म्हणून कुणी आणला तर मी वेग मोजत बसत नाही. एच२टेस्टडब्ल्यू हा प्रोग्राम लावून पूर्ण भरते आणि परत वाचून बघते. परत वाचताना जागेचा खोटेपणा उघडा पडतो.

टेस्ट झाली की डिस्कवर कागदी टेपची पट्टी लावून मार्करने तारीख, वाचन, लेखन आणि सी५ लिहिते. पुढच्या वर्षी त्याच पोर्टला, त्याच केबलने मोजलं तरच तुलना खरी. तासगावच्या भाऊंच्या पट्टीवर आता दोन ओळी आहेत, १२२ आणि ११९, सी५ शून्य. रुंद केबल मी रबरबँडने डिस्कलाच बांधून दिलीय.