घरगुती पाणबुडी: प्लेट कुठली, खिडकी कुठली

दर १० मीटर खाली गेलं की चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब वाढतो, त्यामुळे प्लॅस्टिकचा ड्रम वगैरे विसरा, सरळ प्रेशर व्हेसलची (दाब सोसणाऱ्या टाक्यांसाठीची) ए-५१६ ग्रेड ७० स्टील प्लेट घ्या आणि स्टील मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, भंगारातली कितीही जाड असली तरी नकोच. पाणबुडीचं नळकांडं नीट गोल हवं, जरा अंडाकृती झालं की लवकर चेपतं. कार्बन फायबरचा मोह नको, २०२३ मध्ये त्याच्याच टायटन पाणबुडीचं काय झालं आठवतंय ना, खोल पाण्यात दाबाने चेपली! खिडकीला कास्ट (साच्यात ओतून केलेलं) अ‍ॅक्रिलिक, आणि ते पुसायला थिनर, अ‍ॅसिटोन अजिबात नाही, बारीक चिरा पडतात, साबणपाणी बास. समुद्रात नेणार असाल तर बाहेरून झिंकचे तुकडे लावा, स्टीलऐवजी ते झिजतात.