एकट्यापुरता व्हाइट सॉस पास्ता, घरच्या सायीतला

मी एकटी राहते, आणि एकट्या माणसालाही ताजं, गरम जेवण मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं. हा पास्ता त्यासाठी अगदी सोयीचा. अट एकच, माप एकाचंच धरायचं. इटलीत माणशी साधारण 80 ग्रॅम कोरडा पास्ता धरतात. मी भाज्या भरपूर घालते, म्हणून 70 ग्रॅम पेने, म्हणजे तिरक्या कापाच्या छोट्या नळ्यांचा पास्ता, घेते. काटा नसेल तर आमटीची वाटी शिगोशीग भरून घ्या. पाकिटावर ‘ड्युरम गहू’ लिहिलंय ना, तेवढं बघा. मैद्याचा पास्ता लवकर गिच्च होतो.

क्रीमचं पाकीट आणू नका. एका ताटलीला दोन-तीन चमचे लागतात आणि उरलेलं फ्रिजमध्ये पडून राहतं. दुधावरची साय घरात असतेच. आदल्या दिवशीची, ताजी घ्या. विरजण लागलेली आंबट साय इथे फाटते. दोन मोठे चमचे साय वाटीत काट्याने फेटून गुठळ्या मोडून ठेवा.

लहान पातेल्यात अर्धा लिटर पाणी उकळा, अर्धा चमचा मीठ घाला. पाणी मुद्दाम कमी घ्यायचं, कारण पास्त्यातला स्टार्च त्यात उतरून ते दाट होतं आणि सॉसचा खरा दाटपणा तिथूनच येतो. म्हणूनच पाण्यात तेल घालायचं नाही आणि शिजलेला पास्ता नळाखाली धुवायचा तर मुळीच नाही. आपल्याकडे सर्रास धुतात, मग सॉस अंगाला न लागता ताटलीत तळाशी साचतो.

पाकिटावर 11 मिनिटं लिहिली असतील तर 9 मिनिटांनी गॅस बंद करायचा. शेवटच्या चार-पाच मिनिटांत त्याच पाण्यात अर्धं गाजर, पाच-सहा फरसबीच्या शेंगा आणि मूठभर मटार टाका. वेगळं भांडं कशाला? गाजर-फरसबी पेनेच्या जाडीचीच चिरा, म्हणजे बरोबर शिजतात.

तोवर कढईत चमचाभर लोणी, दोन ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, अर्धी सिमला मिरची. लसूण लाल होऊ द्यायची नाही. पास्ता आणि भाज्या झाऱ्याने उचलून थेट कढईत घ्या आणि त्यांचं अर्धी वाटी पाणी वर घाला. मोठ्या आचेवर दोन मिनिटं सतत हलवत राहा. पाणी पांढरट, दाट होऊन पेन्यांना चिकटायला लागतं. ते दिसलं की गॅस बंद.

साय घालायची ती यानंतरच. कढवली की तूप सुटतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. फेटलेल्या सायीत चमचाभर गरम पाणी मिसळून ती ओता, एक चीज क्यूब किसून घाला, मिरपूड भरडसर कुटून टाका. पुरणपोळीसाठी आणलेलं जायफळ असेलच, ते किसणीवर दोनदा ओढा. दुधाच्या सॉसला ते फार छान लागतं. मीठ चव बघूनच, चीज खारट असतं.

कढईत सॉस थोडा पातळ वाटला तरी तसाच वाढा, ताटलीत मिनिटभरात आळतो. फारच घट्ट झाला तर पातेल्यात उरलेलं पाणी आहेच, एक चमचा पुरतो.